बाबांसाठी घरगुती बिअरचं पहिलं किट: जुळवणीच्या नोंदी

१५ मार्च २०२५

वडिलांना १५ जूनच्या फादर्स डेला घरी बिअर बनवायचं किट द्यायचं आहे. वय ७०, राहणं इंग्लंडात रेडिंगला, तळमजल्यावरचा छोटा फ्लॅट. बिअर आजवर बनवलेली नाही. पिताना लागर या फिक्या बिअरपेक्षा इंग्लिश बिटर, म्हणजे तांबूस कडसर बिअर, आवडते.

किट कुठलं, हे ठरवण्याआधी घराची आणि हातांची मापं लिहून ठेवतो, कारण निवड त्यावरच होणार. उजव्या हाताच्या बोटांना संधिवात आहे, त्यामुळे चिमटीत जोर येत नाही, पण पूर्ण हाताने दाब देता येतो. बारीक छापील आकडे चष्म्यानेही वाचवत नाहीत. स्वयंपाकघरात काचेच्या पृष्ठभागाची विजेची शेगडी आणि ६ लिटरचं एक जाड बुडाचं पातेलं. गॅरेज नाही. आंबवायला जागा म्हणजे हॉलमधलं कपाट, तिथे सध्या १८ ते १९ अंश तापमान असतं.

वडील काही औषधं घेतात, म्हणून त्यासोबत अल्कोहोल चालेल का ते फार्मासिस्टला विचारून घेतलं. हे सगळ्यात आधी करावं. नंतर कळून किट पडून राहण्यापेक्षा बरं.

कायद्याचं: ब्रिटनमध्ये घरच्यापुरती बिअर बनवायला १९६३ पासून परवाना लागत नाही. विकता मात्र येत नाही, आणि परवान्याशिवाय ऊर्ध्वपातन करून दारू काढणं हा गुन्हाच आहे. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे, परवान्याशिवाय कुठलीही दारू बनवता येत नाही. तेव्हा या नोंदी वाचून पुण्याला किंवा नाशिकला आईवडिलांना असं किट पाठवू नका.

मुदत उलटी मोजली. एक चाचणी घाण (घाण म्हणजे एका वेळी बनवलेली बिअर) पूर्ण व्हायला आंबवण्याचे दोन-अडीच आठवडे आणि बाटलीतले किमान दोन आठवडे. म्हणजे एप्रिलच्या मध्यापर्यंत चाचणीची बिअर बादलीत हवी. सुटा सुटा माल मागवायचा तर आजपासूनच शोध.

२२ मार्च

बाजारात नवशिक्यांसाठी तीन तऱ्हा दिसतात.

पहिली, २३ लिटरचं डब्याचं किट. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं बार्लीसारखं धान्य, हॉप म्हणजे कडवटपणा आणि वास देणारी फुलं; हॉप घातलेला दाट माल्ट अर्क डब्यात येतो. तो गरम पाण्यात ढवळायचा, साखर किंवा जादा माल्ट टाकायचा, यीस्ट भुरभुरवायचं. उकळायची गरज नाही आणि बाटलीमागे खर्च सगळ्यात कमी. पण भरलेली बादली २५ किलोच्या आसपास जाते आणि बाटल्या भरायला ती टेबलावर चढवावी लागते. हा मुद्दा एकटाच पुरेसा आहे. त्यातून अर्ध्या लिटरच्या ४० हून जास्त बाटल्या निघतात. ४.३ टक्क्यांची एक बाटली म्हणजे सव्वादोन युनिटच्या जरा आत (एक युनिट म्हणजे १० मिली शुद्ध अल्कोहोल). ब्रिटनमधला आरोग्य सल्ला आठवड्याला १४ युनिटांपेक्षा जास्त नको असा आहे. एकट्या माणसाच्या कपाटात ८६ युनिट एकदम ठेवायची भेट मला द्यायची नाही. शिवाय पहिली घाण बिघडली तर ४० बाटल्या ओतून द्याव्या लागतात.

दुसरी, ४.५ लिटरचं अख्ख्या धान्याचं किट. भरडलेले माल्टचे दाणे ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर मुरवायचे, गाळायचे, वरून गरम पाणी ओतून धुवायचे आणि मग तासभर उकळायचं. सगळ्यात ताजी चव यातच मिळते, आणि मला स्वतःला ही पद्धत प्रिय आहे. पण दोन मोठी पातेली लागतात, किलोभर ओले गरम दाणे चाळणीत उचलून धरावे लागतात आणि विजेच्या शेगडीवर तापमान धरून ठेवणं अवघड: बंद केली तरी काच तापलेलीच राहते आणि दाणे ७२ वर जातात. दुसरी अडचण पाण्याची. रेडिंगचं नळाचं पाणी खडूच्या थरांतून येतं, त्यात क्षार भरपूर. फिक्या माल्टसाठी ते पाणी फार अल्कधर्मी पडतं, दाण्यातून तुरट चव उतरते. त्यावर उपाय आहेत, पण पहिल्याच दिवशी पाण्याचं रसायनशास्त्र हातात द्यायचं कशाला?

तिसरी, ४.५ लिटर, पण कोरड्या माल्ट अर्काची भुकटी वापरून. दाणे मुरवायचं काम कारखान्यात झालेलं असतं, पाण्याचे क्षारही अर्कासोबत आलेले असतात. हॉप मात्र स्वतः उकळायचे, त्यामुळे घरभर वास सुटतो आणि आपण काहीतरी बनवलं असं वाटतं. एका वेळी आठ बाटल्या. भरलेली बादली सव्वापाच किलोच्या आसपास.

तिसरी नक्की. आता तयार पेटी घ्यायची की सुटे भाग जुळवायचे, एवढंच उरलं.

२९ मार्च

४.५ लिटरची एक तयार पेटी ३८ पौंडांना आणून उघडली. देण्यासाठी नाही, तपासण्यासाठी. त्यातलं जे सापडलं ते भाग न भाग लिहितो, कारण ‘नवशिक्यांसाठी’ छापलेल्या पेट्यांमध्ये थोड्याफार फरकाने असंच असतं.

काचेचा डेमिजॉन, म्हणजे अरुंद गळ्याची मोठी बाटली. दिसायला देखणा, पण ४.५ लिटर म्हणजे गळ्यापर्यंत भरतो. दुसऱ्या दिवशी फेसाचा थर चढतो त्याला जागाच नाही. फेस एअरलॉकमधून (वायू बाहेर सोडणारी, हवा आत न घेणारी पाण्याची झडप) बाहेर येतो, कधी एअरलॉक तुंबून बूच उडतं. भरलेली काच, ओले हात, धरायला एक अंगठीएवढी कडी. संधिवाताच्या हातात हे देणार नाही.

हायड्रोमीटर, म्हणजे घनता मोजायची तरंगती नळी, नाही! पुस्तिका म्हणते, दोन आठवडे थांबा, बुडबुडे बंद झाले की बाटलीत भरा. या एका वाक्याने बाटल्या फुटतात. बुडबुडे झाकण सैल असलं तरी बंद होतात आणि थंडी पडली तरी. साखर संपली की नाही हे फक्त घनतेवरून कळतं. घनता एका अंकाने, म्हणजे ०.००१ ने उतरताना बिअरमध्ये तिच्या आकारमानाच्या साधारण अर्धा पट कार्बन डायऑक्साइड तयार होतो. चार अंक शिल्लक असताना बाटली बंद केली तर नेहमीच्या सव्वादोन पटींवर आणखी दोन पट वायू चढतो. साधी काचेची बाटली तेवढ्यासाठी बनलेली नसते.

बुचं बसवायला दोन दांड्यांचा हातचिमटा. दोन्ही दांड्या सारख्या जोराने खाली दाबाव्या लागतात, एका बाजूला जोर कमी पडला की बूच तिरकं बसतं. बाटल्या पेटीत नाहीतच. ‘जुन्या जमवा’ असा सल्ला.

यीस्टच्या पुडीवर ना जात, ना तारीख. निर्जंतुक करायच्या भुकटीच्या दोन पुड्या, म्हणजे एकदा बिअर टाकताना आणि एकदा बाटल्या भरताना, संपलं. थर्मामीटर काचेचा, आकडे बारीक.

ठरलं: सुटे भाग. या पेटीतून एअरलॉक, नळी आणि गाळणी तेवढी वापरणार.

५ एप्रिल

खरेदी झाली. भाव माझ्या पावत्यांवरचे, पौंडांत.

१० लिटरची झाकणाची खाद्य-दर्जाची बादली, तळाशी तोटी बसवलेली, झाकणाला एअरलॉकचं भोक: १२. बाटलीत उतरणारी भरण-नळी, टोकाला स्प्रिंगची झडप: ४. हायड्रोमीटर आणि प्लास्टिकचा आखूड नळकांडा: ९. मोठ्या आकड्यांचा डिजिटल थर्मामीटर: ८. बादलीला चिकटवायची तापमानपट्टी: २. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला काटा: ९. अर्ध्या लिटरच्या तपकिरी पीईटी प्लास्टिकच्या बाटल्या झाकणांसह, २४ नग: १६. स्टार सॅन (निर्जंतुक करायचं द्रव), लहान बाटली: ११. ५ मिलीच्या दोन सिरिंज, औषधाच्या दुकानातून: १. सोडियम परकार्बोनेट, धुण्यासाठी, १ किलो: ५. हॉप उकळायच्या कापडी पिशव्या: ३.

सामग्री, दोन घाणींची: फिक्या कोरड्या माल्ट अर्काची ५०० ग्रॅमची दोन पाकिटं: १३. भरडलेला क्रिस्टल माल्ट (रंग आणि गोडव्यासाठी), ५०० ग्रॅम: २. ईस्ट केंट गोल्डिंग्ज हॉपच्या गोळ्या, १०० ग्रॅम: ६. सॅफएल यूएस-०५ यीस्टची ११.५ ग्रॅमची दोन पाकिटं: ९.

एकूण ११० पौंड. तयार पेटीच्या जवळपास तिप्पट, हे खरं. पण पेटीला बाटल्या, हायड्रोमीटर, काटा आणि पुन्हा वापरता येईल असं निर्जंतुक द्रव्य जोडत गेलं की तीही ८०-९० वर जाते, आणि काचेचा डेमिजॉन व चिमटा तरीही गळ्यात राहतातच.

बाटल्यांवर सर्वांत जास्त वेळ घालवला. वडिलांच्या हाताला टेबलावरचं बूच-यंत्र चाललं असतं, दांडा तळहाताने खाली दाबायचा असतो. पण त्याची किंमत २५ पौंडांच्या पुढे आणि जागाही खातं. तारेच्या झडप-झाकणाच्या बाटल्या अंगठ्याने उघडाव्या लागतात, त्या लगेच बाद. पीईटी बाटलीचं झाकण हाताने फिरतं, बाटली पडली तरी फुटत नाही. मला तिचा खरा फायदा वेगळाच वाटतो: बाटली दाबून बघितली की आत वायू किती झाला ते बोटांना कळतं. शंका आली तर झाकण जरा सैल करून वायू सोडता येतो. पहिल्या वर्षासाठी हेच. झाकण घट्ट बसलं तर म्हणून बरणी उघडायची रबरी चकती सोबत ठेवली, दीड पौंड.

६ एप्रिल

पाण्याची चाचणी. बादलीत ५ लिटर साधं पाणी भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवली. सकाळी कागद ओला.

तोटीचं नट घट्ट होतं, वॉशरही जागेवर. तोटी काढून बघितली तेव्हा भोकाच्या कडेला पाडताना राहिलेली प्लास्टिकची बारीक कूस दिसली; तिच्यामुळे वॉशर सपाट टेकत नव्हता. धारदार सुरीने कूस काढली, नट पुन्हा हाताने आवळलं. पान्याने आवळू नका, वॉशर मुडपतो आणि गळती वाढते. दुसऱ्या रात्री कागद कोरडा. हेच बिअर भरल्यावर कळलं असतं तर पाच लिटर गोड चिकट रस कपाटातून हॉलच्या गालिच्यावर आला असता.

तोटी सुटी करून बघितली हे आणखी एका कारणाने बरं झालं. तिचा फिरणारा आतला दांडा दाबून बाहेर निघतो. दोन भागांच्या मधल्या फटीत बिअर सुकून बसते आणि पुढची घाण तिथूनच आंबट होते. प्रत्येक वेळी तोटी उघडून धुवायची, हे वडिलांसाठी सूचनांचं कार्ड करणार आहे त्यावर ठळक लिहायचं.

स्टार सॅन: एका लिटरला १.५ मिली. इथल्या नळाच्या पाण्यात मिसळलं की ते लगेच दुधाळ झालं, कारण खडूचे क्षार त्यातलं आम्ल खातात आणि द्रावण कमजोर पडतं. बाटलीबंद पाण्यात केलं तर पारदर्शक राहिलं. तेव्हा ३ लिटर बाटलीबंद पाण्यात ४.५ मिली, सिरिंजने मोजून. उरलेलं फवाऱ्याच्या बाटलीत भरून ठेवता येतं. फेस दिसला तरी धुवायचा नाही. मूळ द्रव आम्लाचं आहे, ओतताना हातमोजे. आणि ते क्लोरीनच्या ब्लीचमध्ये कधीही मिसळायचं नाही, विषारी क्लोरीन वायू सुटतो. या एका कारणासाठी तयार पेटीतली निर्जंतुक करायची क्लोरीनची भुकटी काढूनच टाकली. ती वापरून नीट धुतली गेली नाही तर बिअरला प्लास्टिकसारखी औषधी चव येते, ते वेगळं.

१२ एप्रिल

चाचणी घाण. मुद्दाम वडिलांच्याच मापाचं ६ लिटरचं पातेलं घेतलं.

कृती अशी. १०० ग्रॅम क्रिस्टल माल्ट पिशवीत बांधून ३ लिटर बाटलीबंद पाण्यात ६८ अंशांवर २५ मिनिटं. पिशवी उचलून निथळू दिली, पिळली नाही. शेगडी बंद ठेवून २५० ग्रॅम माल्ट भुकटी घातली, ढवळली, मग उकळायला ठेवलं. उकळी आल्यावर १० ग्रॅम हॉप, ४५ मिनिटं. शेवटच्या पाच मिनिटांत ८ ग्रॅम हॉप आणि उरलेली २५० ग्रॅम भुकटी. भुकटी दोन भागांत घालण्याचं कारण: रस पातळ असेल तर हॉपचा कडवटपणा जास्त उतरतो, रंगही गडद होत नाही.

भुकटीचं पाकीट पातेल्यावर उघडलं की वाफ आत जाते आणि सगळं टॉफीसारखं गोळा होऊन पाकिटाला चिकटतं. पाकीट लांब उघडून भुकटी कोरड्या वाडग्यात काढायची आणि वाडगा एकदम उलटा करायचा. दुसऱ्यांदा भुकटी घातल्यावर फेस उसळून वर आला. विजेच्या शेगडीवर आच कमी करून उपयोग नाही, पातेलं बाजूला सरकवावं लागतं. तीन लिटरच असल्याने दोन्ही हातांनी सहज सरकलं. पाच लिटर उकळत असतं तर हे वडिलांना जमलं नसतं.

थंड करणं: सिंकमध्ये गार पाणी भरून पातेलं ३५ अंशांपर्यंत आणलं, अर्धा तास, पाणी दोनदा बदललं. मग बादलीत ओतलं आणि फ्रिजमधली सीलबंद पाण्याची २ लिटरची बाटली वरून रिकामी केली. मिश्रण थेट २२ अंशांवर आलं. सीलबंद पाणी वेगळं उकळावं लागत नाही आणि ते उंचावरून ओतल्याने यीस्टला लागणारी हवाही मिसळते. एकूण साडेचार लिटरच्या खुणेपर्यंत.

सुरुवातीची घनता १.०४४. यीस्टचं अर्धं पाकीट अंदाजाने भुरभुरवलं. पाकीट २० लिटरहून मोठ्या घाणीसाठी असतं. उघडलेलं पाकीट घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवलं तरी आठवड्याच्या आत वापरावं लागतं, म्हणून उरलेलं फेकलं.

धुणं धरून एकूण तीन तास.

१४ एप्रिल

एअरलॉक शांत. झाकण उघडलं तर दोन बोटं जाड फेस, म्हणजे काम जोरात चालू आहे आणि वायू झाकणाच्या कडेने जातोय. बादलीच्या झाकणाचं हे नेहमीचंच. बिअरला धोका नाही, आतून बाहेर दाब असतो. पण नवशिक्या माणूस दुसऱ्या दिवशी एअरलॉककडे बघून घाबरतो आणि आणखी यीस्ट टाकतो. कार्डावर लिहायचं: बुडबुडे नसले तरी काही करू नका.

२९ एप्रिल

२६ ला घनता १.०११ होती, आजही १.०११. तीन दिवस आकडा हलला नाही, संपलं. अल्कोहोल: ०.०३३ गुणिले १३१.२५, म्हणजे ४.३ टक्के.

प्रत्येक मोजणीला जवळपास १०० मिली बिअर जाते आणि ती बादलीत परत ओतायची नाही. साडेचार लिटरात हे जाणवतं, म्हणून चौदाव्या दिवसाआधी मोजायचंच नाही. आकडे वाचायचा प्रश्न असा सुटला: नळकांड्याच्या पातळीला फोन धरून फोटो काढायचा आणि मोठा करून बघायचा. भिंगापेक्षा हे बरं, शिवाय फोटो मला पाठवता येतो.

बाटल्या भरल्या. साखर एका लिटरला साडेपाच ग्रॅम. ती सगळ्या बिअरमध्ये एकत्र मिसळायची तर दुसरी बादली लागते आणि ओताओतीत हवा लागून बिअर शिळी होते. म्हणून प्रत्येक बाटलीत वेगळी, २.७ ग्रॅम, काट्यावर मोजून. चमच्याने मोजली तर एका बाटलीत दोन आणि दुसरीत साडेतीन जाते. भरण-नळी तोटीला जोडली, बाटली खालून वर दाबली की झडप उघडते, खाली घेतली की बंद. बोटांचा जोर कुठेच लागत नाही. नळी बाहेर काढली की वर बरोबर हवी तेवढी मोकळी जागा राहते.

आठ बाटल्या. तळाचा गाळ सोडून दिला.

१७ मे

पाच दिवसांत बाटल्या कडक झाल्या होत्या. पंधरा दिवस खोलीत, तीन दिवस फ्रिजमध्ये, आज उघडली. तांबूस, फेस टिकतो, शेवटचा घोट बरा कडू. दोन बाटल्या मऊ राहिल्या होत्या. त्यांची झाकणं नीट आवळली गेली नव्हती. आवळल्यावर बाटली आडवी धरून बघायची, एवढं कार्डात वाढवलं.

साखर मोजणं हे सगळ्यात किचकट काम ठरलं. बाटलीचं तोंड अरुंद, साखर सांडते, तोंडाच्या आट्यांना चिकटते आणि झाकण मग सैल बसतं. मऊ बाटल्यांचं कारण तेच असावं. उपाय म्हणून एक छोटं कोरडं नरसाळं पेटीत टाकलं. साखरेच्या तयार गोळ्याही मिळतात, पण त्या तीन-साडेतीन ग्रॅमच्या असतात. अर्ध्या लिटरला एक टाकली तर बिटरच्या मानाने बिअर जास्तच फसफसते.

२४ मे

मराठी कार्ड लिहिलं. दुकानातली इंग्रजी पुस्तिका चार पानी दाट मजकुराची. वडील मराठी भरभर वाचतात. अक्षर २२ पॉइंट, एका कार्डावर एका दिवसाचं काम, लॅमिनेट करून. पहिलं कार्ड धुण्याचं, दुसरं उकळण्याचं, तिसऱ्यावर फक्त ‘चौदा दिवस झाकण उघडू नका’, चौथं घनतेचं, पाचवं बाटल्यांचं. कारणं मोजकीच, जिथे चूक झाली तर इजा होईल तिथेच. ‘सलग दोन मोजण्यांत तीन दिवसांचं अंतर आणि तोच आकडा, नाहीतर बाटली भरू नका’ हे लाल शाईत.

कार्ड शेजाऱ्यांना वाचायला दिलं, त्यांनीही कधी बिअर बनवलेली नाही. ‘हॉप घाला’ म्हणजे पिशवीत की सुटे, हा पहिला प्रश्न आला. पिशवीत, असं लिहिलं.

७ जून

पेटी भरली. हॉप आधी मोजून दोन छोट्या पुड्या केल्या, ‘१’ आणि ‘२’ असे आकडे घालून, फ्रीझरसाठी. क्रिस्टल माल्टही १०० ग्रॅमच्या पुडीत. चाचणीत एका घाणीचं सामान गेलं होतं, त्यामुळे माल्ट भुकटी आणि यीस्ट पुन्हा आणलं: पेटीत दोन घाणी असायलाच हव्यात. एका घाणीची भेट दिली तर पहिली बिअर पिऊन होईपर्यंत दुसरीचा माल मागवायचा राहतो आणि बादली माळ्यावर जाते.

यीस्ट आणि हॉप पेटीत ठेवून कागदात गुंडाळू नका, ते थंड पिशवीतून वेगळे न्यायचे.

२१ जून

पेटी १५ ला पोचली. आज पहिली घाण, वडिलांच्या हातून. मी फक्त कार्डं पुढे सरकवत होतो. बाहेर तीस अंशांच्या वर, हॉलमधलं कपाट २७ वर. मार्चमध्ये तिथे १९ होतं. जूनची भेट देताना मार्चचं तापमान धरून चालत नाही.

यूएस-०५ हे २६ अंशांपर्यंत चालतं, पण आंबताना रस स्वतः दोन-तीन अंश तापतो, म्हणजे बादलीत ३० झालं असतं. तेवढ्यात कडक, डोकं चढवणारी अल्कोहोलं आणि फळकट वास तयार होतात आणि ते नंतर जात नाहीत. म्हणून बादली कपड्यांच्या मोठ्या टबमध्ये ठेवली, टबात बादलीच्या रसाच्या पातळीपेक्षा चार बोटं कमी पाणी, त्यात गोठवलेल्या पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या, सकाळी एक आणि रात्री एक. तोटी पाण्याखाली जाते, म्हणून तिच्या तोंडावर फवारा मारून प्लास्टिकची पिशवी रबराने बांधली. पट्टीवर २० दिसलं. पहिले चार दिवस हे सांभाळलं की पुरतं, यीस्टचं तापणं तेवढ्यातच होतं.

टब बाथरूममध्ये ठेवावा लागला, कारण पाणी भरल्यावर तो उचलायचा नाही. जागेवर ठेवून मगाने भरायचा, मगानेच रिकामा करायचा. हे कार्डात नव्हतं, सहावं कार्ड झालं.

सुरुवातीची घनता १.०४३.

८ जुलै

५ ला १.०१२, आजही १.०१२. दोन्ही फोटो वडिलांनी पाठवले. बाटल्या भरताना भरण-नळीची झडप मध्येच बंद होईना, बिअर ठिबकत राहिली. हॉपचा कण अडकला होता. नळी काढून फवारा मारून झटकली, झडप सुटली. बाटल्यांखाली ट्रे ठेवायचा.

आठ बाटल्या, झाकणं रबरी चकतीने आवळली. चकती उघडण्यासाठी दिली होती, आवळायला जास्त उपयोगी पडली.

२ ऑगस्ट

आठही बाटल्या कडक. चव साफ, फळकट वास नाही, चाचणीच्या घाणीपेक्षा जरा गोडसर. वडिलांना कडवटपणा कमी वाटला. पुढच्या घाणीत पहिले हॉप १० ऐवजी १३ ग्रॅम, बाकी सगळं तेच; एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

किटनंतर प्रत्येक घाणीचा खर्च: माल्ट भुकटी साडेसहा, यीस्ट साडेचार, हॉप सव्वा, क्रिस्टल आणि साखर अर्धा, पाणी दोन पौंडांच्या आसपास. आठ बाटल्यांना पावणेपंधरा, म्हणजे बाटलीमागे १ पौंड ८५ पेन्स. दुकानातल्या सवलतीच्या बिटरपेक्षा फार स्वस्त नाही, पैसे वाचवायला हे किट घेऊ नये. यीस्ट हा त्यातला मोठा भाग. ११ ग्रॅमऐवजी लहान पुड्या मिळाल्या तर दोन पौंड सुटतील, तारीख छापलेली असेल तरच घ्यायच्या.

दुसरी घाण ऑगस्टअखेर, कपाट २० अंशांच्या खाली आल्यावर. तोपर्यंत तोटी उघडून, वाळवून, बादलीत सुटीच ठेवली आहे.